म्हापशातल्या ऑफिसचा थंडरबर्ड: कॉम्पॅक्ट चालू असताना वीज गेली, इनबॉक्स रिकामा दिसतोय

शिवोलकरीण
१७ जून, रात्री ९.५०

नमस्कार. इथे पहिल्यांदाच मदत मागतेय. जरा सविस्तर लिहिते, कारण यातलं महत्त्वाचं काय आणि बिनमहत्त्वाचं काय ते मला आत्ता कळेनासं झालंय.

मी म्हापशाला एका वकिलांच्या ऑफिसात काम करते. जमिनीचे आणि वारसाहक्काचे दावे जास्त. निम्मे अशील बाहेर, कोणी मस्कतला, कोणी दुबईला, दोघं-तिघं लिस्बनला. आजोबांच्या नावचं पोर्तुगीज काळातलं विक्रीखत, एक-चौदाचा जमिनीचा उतारा, जन्मदाखले, सगळं स्कॅन होऊन मेलवर येतं. २०१२ पासूनची ही मेल थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये आहे. खातं पॉप पद्धतीचं, म्हणजे मेल सर्व्हरवरून उतरून आमच्या कॉम्प्युटरवर येते आणि सर्व्हरवर फक्त १४ दिवस राहते.

आज साडेचारच्या सुमारास, बाहेर पाऊस नुसता कोसळत होता, तेव्हा प्रोग्रॅमने विचारलं की फोल्डर कॉम्पॅक्ट करू का, जागा मोकळी होईल. मी हो म्हटलं. दोन-तीन मिनिटांत करंट गेला. यूपीएस दोनदा ओरडला आणि बंद पडला. पाऊण तासाने वीज आली. थंडरबर्ड उघडला तर इनबॉक्स रिकामा, आणि डावीकडे एनएसटीएमपी नावाचं एक फोल्डर, जे मी कधी केलेलं नाही. काल इनबॉक्सात २१ हजारांवर संदेश होते.

वकीलबाबांना अजून सांगितलेलं नाही. परवा एका दाव्याची तारीख आहे, त्याची कागदपत्रं माझ्याकडे छापलेली आहेत, ती चिंता नाही. बाकी १४ वर्षांचं काय? इंटरनेटवर कुठे 'रिपेअर फोल्डर' दाबा म्हणतात, कुठे दाबू नका म्हणतात. मी काहीच दाबलेलं नाही. कॉम्प्युटर बंद करून घरी आले.

----

कुळागर
१७ जून, रात्री १०.१५

काहीच दाबलं नाहीत हे फार बरं केलंत, ताई. आता घाबरू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमची मेल बहुतेक जागेवरच आहे.

थंडरबर्डात तुम्हाला जी संदेशांची यादी दिसते ती मेल नव्हे, ती फक्त सूची. पुस्तकाच्या मागे असते तशी. प्रत्यक्ष मेल एका वेगळ्या फाइलीत असते. प्रत्येक फोल्डरची एक मोठी फाइल, तिचं नाव नुसतं इनबॉक्स, पुढे एक्स्टेन्शन काही नाही. सगळे संदेश तिच्यात एकापुढे एक लिहिलेले, जोडपत्रांसकट. या प्रकाराला एमबॉक्स म्हणतात. तिच्या शेजारी त्याच नावाची, पण डॉट एमएसएफ लावलेली छोटी फाइल असते, ती सूची. वीज गेल्यावर ही छोटी फाइल बिघडते आणि माणसाला वाटतं सगळं गेलं.

आता कॉम्पॅक्ट म्हणजे काय ते ऐका, म्हणजे जीव थोडा खाली पडेल. तुम्ही संदेश डिलीट करता तेव्हा तो मोठ्या फाइलीतून जात नाही. त्याच्यावर 'काढलेला' अशी खूण होते आणि तो यादीतून लपतो, एवढंच. अशी खूण केलेली मेल साचत जाते. कॉम्पॅक्ट करताना प्रोग्रॅम ठेवायचे तेवढे संदेश एका नव्या फाइलीत उतरवतो, आणि ते काम पुरतं झाल्यावरच जुनी फाइल काढून नवी तिच्या जागी बसवतो. ती अर्धवट राहिलेली नवी फाइल म्हणजेच तुमचं एनएसटीएमपी. ते तिथे पडलंय याचा अर्थ काम अर्ध्यावर थांबलं. म्हणजे जुनी फाइल बहुधा तशीच्या तशी असेल.

उद्या ऑफिसात गेल्यावर आधी नेटची केबल काढा. नवी मेल उतरली तर ती याच फाइलीत लिहिली जाईल आणि ते आत्ता नको. थंडरबर्ड उघडू नका. विंडोज आणि आर दाबून येणाऱ्या चौकटीत टक्केची खूण, अ‍ॅपडेटा, परत टक्केची खूण असं इंग्रजीत टाकून एंटर करा. तिथे थंडरबर्ड, त्यात प्रोफाइल्स, त्यात विचित्र अक्षरांनी सुरू होणारं एक फोल्डर. ते अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. कट नाही, कॉपी. मग मेल नावाच्या फोल्डरात जाऊन इनबॉक्स फाइलीचा आकार किती ते इथे लिहा. कॉपी होईपर्यंत दुसरं काही करायचं नाही.

----

भजनी_साखळी
१७ जून, रात्री १०.४०

मला एक कळत नाही, एवढा व्याप करायचाच कशाला? ब्राउझरमध्ये मेल उघडा, सगळं त्यांच्या सर्व्हरवर असतं, वीज जावो की घर बुडो. मी दहा वर्षं तसंच करतोय.

----

शिवोलकरीण
१८ जून, सकाळी १०.२०

कुळागरदादा, सांगितलंत तसं केलं. आकार असे आहेत. इनबॉक्स ६.३ जीबी. इनबॉक्स डॉट एमएसएफ फक्त २ केबी. एनएसटीएमपी २.७ जीबी.

पण कॉपी होत नाहीये. पेन ड्राइव्ह ३२ जीबीचा, पूर्ण रिकामा आहे, तरी म्हणतो फाइल फार मोठी आहे. बाकीच्या सगळ्या फाइली गेल्या, नेमकी इनबॉक्सच राहिली.

----

कुळागर
१८ जून, सकाळी १०.३०

६.३ जीबी! म्हणजे मेल आहे. जा, चहा घ्या आधी.

पेन ड्राइव्हचं कारण साधं आहे. तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असणार. त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवताच येत नाही, जागा कितीही रिकामी असो. पेन ड्राइव्हवर राइट क्लिक करून फॉरमॅटमध्ये एक्सफॅट किंवा एनटीएफएस निवडा. त्याच्यावर दुसरं काही नाही ना ते आधी बघा, फॉरमॅटमध्ये सगळं पुसलं जातं. आणि आधीचं कुठे पेन ड्राइव्हवर बॅकअप घेतलेलं असेल तर तेही बघा. कित्येकांच्या बॅकअपमध्ये नेमकी ही मोठी फाइलच नसते. कॉपी करताना 'स्किप' दाबलेलं असतं आणि पुढे कोणी बघत नाही.

----

शिवोलकरीण
१८ जून, दुपारी १२.०५

बघितलं. मार्चमधलं बॅकअप आहे, त्यात इनबॉक्स नाही. त्याच्या आधीच्यातही नाही. २०१९ च्या बॅकअपमध्ये आहे, तेव्हा ती ३.८ जीबी होती. म्हणजे सहा-सात वर्षं मी दर तीन महिन्यांनी बॅकअप घेत होते आणि त्यात मुख्य वस्तूच नव्हती. हे वाचून कोणी आपलं तपासलं तर बरं होईल, म्हणून लिहिते.

आता एनटीएफएस करून पूर्ण कॉपी झाली. आकार बाइटपर्यंत जुळवून बघितला.

----

कुळागर
१८ जून, दुपारी १२.२०

उत्तम. आता काहीही झालं तरी परत इथवर येता येईल.

थंडरबर्ड बंदच ठेवून एनएसटीएमपी आणि एनएसटीएमपी डॉट एमएसएफ या दोन्ही फाइली उचलून डेस्कटॉपवर एका फोल्डरात ठेवा. इनबॉक्स डॉट एमएसएफचं नाव बदलून पुढे 'जुनी' असं काही लावा. मोठ्या इनबॉक्स फाइलीला हात लावायचा नाही. मग नेट बंद ठेवूनच थंडरबर्ड उघडा आणि इनबॉक्सवर एकदाच क्लिक करा. खालच्या पट्टीत सूची तयार होत असल्याचं दिसेल. ६ जीबी आहे, जुनी फिरती डिस्क असेल तर वेळ लागेल. मध्येच 'नॉट रिस्पॉन्डिंग' आलं तरी बंद करू नका. आणि त्या यूपीएसवर भरवसा ठेवू नका, पाऊस थांबलेला असताना करा.

----

शिवोलकरीण
१८ जून, दुपारी ३.१०

शेजारच्या झेरॉक्सवाल्यांनी त्यांचा इन्व्हर्टर दिला. वायर खिडकीतून घेतली. पंचवीस मिनिटं लागली. पट्टी पुढे सरकत होती आणि मी तिच्याकडेच बघत बसले होते.

२१,३६२ संदेश. सगळे आले. २०१२ चा पहिला संदेशसुद्धा.

दादा, तुमचे उपकार कसे फेडू. वकीलबाबांना आत्ता सांगितलं, ते म्हणाले नवीन यूपीएस आजच घेऊन ये.

----

तारवटी
१८ जून, रात्री ८.००

अभिनंदन बाय! मी जहाजावर असतो, सध्या सुट्टीवर वास्कोला. आमच्याकडे बोटीवर अजूनही पॉपच चालतं, कारण सॅटेलाइटच्या नेटवर प्रत्येक मेल दर वेळी वरून आणणं परवडत नाही.

आउटलुक हा मायक्रोसॉफ्टचा मेलचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांसाठी लिहितो, कारण बंदरातल्या ऑफिसांत बहुतेक तेच असतं. तिथे सगळं एका पीएसटी फाइलीत. फोल्डर कितीही करा, फाइल एकच. आउटलुक २००२ पर्यंतच्या पीएसटीची मर्यादा २ जीबी होती आणि ती गाठली की फाइल उघडायची बंद व्हायची. २००३ मध्ये नवा प्रकार आला, मर्यादा २० जीबी झाली, २०१० पासून ५० जीबी. पण जुनी फाइल नव्या आउटलुकात उघडली म्हणून ती नव्या प्रकारची होत नाही. ती जुनीच राहते, २ जीबीच्या मर्यादेसकट. एका ऑफिसात मी हे डोळ्यांनी बघितलंय. आउटलुक नवं, फाइल २००१ सालची, आणि १.९ जीबीवर येऊन ठेपलेली. नवी पीएसटी करून संदेश तिच्यात हलवावे लागतात.

दुसरं, पीएसटी ऑफिसच्या सर्व्हरवर ठेवून नेटवर्कवरून उघडू नये. मायक्रोसॉफ्ट स्वतः सांगतं की हे चालवून घेऊ नका. नेटवर्क क्षणभर तुटलं की फाइल बिघडते. बिघडलीच तर स्कॅनपीएसटी नावाचं दुरुस्तीचं साधन आउटलुकबरोबरच येतं, पण तेही आधी कॉपी करून मगच चालवायचं. कुळागरबाबांचा नियम इथेही तोच.

----

भजनी_साखळी
१८ जून, रात्री ८.३५

मेल परत आली याचा आनंद आहे. पण माझा प्रश्न राहिलाच.

----

कुळागर
१८ जून, रात्री ९.१०

भजनीबुवा, तुमचा प्रश्न रास्त आहे, टाळत नव्हतो.

सर्व्हरवरची मेल विजेपासून सुरक्षित असते, खरं. पण ती तुमच्या चुकीपासून सुरक्षित नसते. आयमॅप पद्धतीत, म्हणजे मेल सर्व्हरवरच राहते आणि सगळ्या यंत्रांवर तीच दिसते त्या पद्धतीत, फोनवर चुकून अख्खं फोल्डर डिलीट केलंत तर ते सर्व्हरवरून जातं आणि दोन मिनिटांत घरच्या कॉम्प्युटरवरूनही जातं. आरशासारखं आहे ते. आरशात दिसतं म्हणून दोन प्रती झाल्या असं होत नाही. शिवाय जागेची मर्यादा. गूगलचे फुकटचे १५ जीबी मेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून असतात. आणि २ वर्षं वापरलं नाही तर वैयक्तिक खातं काढून टाकण्याचा गूगलचा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. आईवडिलांची, गेलेल्या माणसांची खाती अशीच जातात.

मी आयमॅपच्या विरोधात नाही, घरी तेच वापरतो. पण वर्ष संपलं की त्या वर्षाची मेल थंडरबर्डातल्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये कॉपी करून ठेवतो, म्हणजे तिचा सर्व्हरशी संबंध उरत नाही. ब्राउझरमध्ये वाचणाऱ्यालाही वर्षातून एकदा एवढं करता येईल.

----

शिवोलकरीण
१९ जून, दुपारी १.३०

एक नवीच गोष्ट झाली, म्हणून परत आले.

मस्कतच्या एका अशिलाचा सकाळी फोन. त्यांच्या पणजोबांच्या नावचं १९३८ चं विक्रीखत त्यांनी फेब्रुवारीत स्कॅन करून पाठवलं होतं, मूळ कागद आता वाळवीने खाल्लाय, स्कॅन तुमच्याकडे असेल ना म्हणून विचारत होते. त्यांच्याकडे तो फोन राहिलेला नाही, पाठवलेल्या मेलही नाहीत. मी इनबॉक्स शोधला. नाही. ट्रॅश बघितलं. नाही. मग आठवलं, शिगम्याच्या आधी साफसफाई करताना त्याच आडनावाच्या एका जाहिरातवाल्याच्या मेल मी एकत्र निवडून डिलीट केल्या होत्या, आणि ट्रॅशही रिकामं केलं होतं. त्यातच गेली असणार. त्या मेलला मी 'पोचली' असं उत्तरही दिलं होतं, ते माझ्या सेंटमध्ये आहे.

दादा, तुम्ही म्हणालात की डिलीट केलेला संदेश फाइलीतून जात नाही, त्याच्यावर नुसती खूण होते. आणि परवाचं कॉम्पॅक्ट तर अर्धवटच राहिलं. मग ती मेल अजून त्या ६.३ जीबीत असेल का?

----

कुळागर
१९ जून, दुपारी १.४५

असेल! ताई, तुमचं कॉम्पॅक्ट पुरं झालं असतं तर ती कायमची गेली असती. फेब्रुवारीपासून मध्ये कधी कॉम्पॅक्ट झालं नसेल तर ती तिथेच आहे. आत्ता चुकूनही कॉम्पॅक्टला हो म्हणू नका. सेटिंग्जमध्ये जाऊन ते आपोआप होण्याची खूण आधी काढा.

काम पेन ड्राइव्हवरच्या प्रतीतून करायचं, मूळ फाइलीतून नाही. तिचीही आणखी एक प्रत काढा. एवढी मोठी फाइल नोटपॅडमध्ये उघडणार नाही, मोठ्या फाइली तुकड्यातुकड्याने दाखवणारा व्ह्यूअर लागतो. क्लॉग नावाचा एक फुकट मिळतो. त्यात अशिलाचा इमेल पत्ता शोधा.

मराठी शब्द शोधू नका, सापडणार नाही. संदेशाचा विषय 'विक्रीखत' असा असला तरी फाइलीत तो देवनागरीत नसतो. बरोबरचं चिन्ह, प्रश्नचिन्ह, यूटीएफ-८, आणि पुढे इंग्रजी अक्षरांची निरर्थक वाटणारी माळ असा असतो. जोडपत्रही तसंच, पानेच्या पाने नुसती अक्षरं. त्या पद्धतीला बेस६४ म्हणतात. त्यात दर ३ बाइटांचे ४ होतात, म्हणून १५ एमबीचा स्कॅन फाइलीत २० एमबी जागा खातो. तुमचा इनबॉक्स एवढा का फुगला त्याचं उत्तरही तेच.

----

शिवोलकरीण
१९ जून, दुपारी ४.५०

सापडली!! पत्ता शोधला, सात ठिकाणी आला. पाचव्या ठिकाणी तारीख फेब्रुवारीची आणि खाली जोडपत्राचं नाव, डीड१९३८ डॉट पीडीएफ. त्याच्याखाली अक्षरांचं रान.

संदेशाच्या वरच्या ओळींत एक ओळ आहे, एक्स-मोझिला-स्टेटस, आणि पुढे ०००बी. बाकीच्या संदेशांत ०००१ आहे, काहींत ०००३. हा बी कसला?

----

कुळागर
१९ जून, संध्याकाळी ५.००

हीच ती खूण. संदेश वाचला की १. उत्तर दिलं की २. डिलीट केला की ८. तिन्हींची बेरीज ११, आणि कॉम्प्युटरच्या सोळाच्या मोजणीत ११ म्हणजे बी. तुम्ही 'पोचली' असं उत्तर दिलं होतं ना, ते त्या २ मध्ये आहे. आता ८ वजा करा, राहिले ३. म्हणजे ०००बी च्या जागी ०००३ लिहायचं.

६ जीबीच्या फाइलीत लिहीत बसू नका. त्या संदेशाची सुरुवात 'फ्रॉम' आणि मग एक मोकळी जागा असलेल्या ओळीने होते, ओळीच्या अगदी पहिल्या अक्षरापासून. पत्त्याच्या ओळीत फ्रॉमनंतर दोन टिंबं असतात, ती नव्हे. तिथपासून पुढच्या तशाच ओळीच्या आधीपर्यंत सगळं निवडून वेगळ्या नव्या फाइलीत ठेवा. ही छोटी फाइल नोटपॅडमध्ये उघडेल. आकडा बदला. फाइलीला 'मस्कत' असं इंग्रजीत नाव द्या, पुढचं डॉट टीएक्सटी काढून टाका. मग थंडरबर्ड बंद करून ती फाइल प्रोफाइलमधल्या मेल, लोकल फोल्डर्स इथे टाका. उघडल्यावर त्या नावाचं फोल्डर दिसेल.

----

शिवोलकरीण
१९ जून, संध्याकाळी ६.२५

फोल्डर आलं. त्यात एकच संदेश. पीडीएफ उघडली, चार पानं, पोर्तुगीजमधलं हस्ताक्षर, खाली शिक्का, तिसऱ्या पानाच्या कोपऱ्यात वाळवीचं भोक. पण अक्षर अन् अक्षर लागतंय.

वकीलबाब स्वतः उठून माझ्या टेबलाशी आले. मस्कतला लगेच पाठवली, दोन प्रती छापून फायलीला लावल्या.

----

वकीलपत्र
१९ जून, रात्री ९.३०

मडगावहून. धागा कालपासून वाचतोय, फार मोलाचा झालाय. आमच्या बाजूची एक गोष्ट सांगतो.

मेल पुरावा म्हणून कोर्टात द्यायची वेळ येते तेव्हा छापील कागद पुरत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याआधी हेच पुरावा कायद्याच्या ६५बी खाली होतं आणि २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मूळ उपकरणच हजर केलेलं नसेल तर हे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचं स्पष्ट केलं. नव्या नमुन्यात फाइलीचं हॅश मूल्य लिहायची जागा आहे. हॅश म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ठसा, एक अक्षर बदललं तरी तो बदलतो.

म्हणून ताई, विक्रीखत परत मिळालं ते उत्तमच, पण तुम्ही त्या संदेशातला एक आकडा हाताने बदललाय. अशिलाला प्रत द्यायला त्याने काही अडत नाही. उद्या 'ही मेल अमुक दिवशी आली' हेच सिद्ध करायची पाळी आली तर मात्र न बदललेली मूळ फाइल हवी. पेन ड्राइव्हवरची ती पहिली प्रत पुसू नका. तिच्यावर तारीख घालून, पाकिटात बंद करून कपाटात ठेवा. तिचा हॅश आजच काढून डायरीत लिहा. आणि महत्त्वाची मेल एकमेकांना फॉरवर्ड करून 'जपू' नये, फॉरवर्डमध्ये मूळ संदेशाच्या मार्गाच्या ओळी राहत नाहीत. 'सेव्ह अ‍ॅज' करून ईएमएल फाइल ठेवावी.

----

शिवोलकरीण
२० जून, सकाळी ९.४०

वकीलबाबांना तुमचं उत्तर वाचून दाखवलं. पाकीट झालं, हॅशही डायरीत लिहिला, ६४ अक्षरं, दोघांनी मिळून दोनदा तपासली.

----

टाइपकेस
२० जून, सकाळी ११.१५

मी पणजीत मराठी छपाईच्या कामात आयुष्य काढलं. दोन गोष्टी.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी कॉम्प्युटर फॉरमॅट करून घेतले. दुरुस्तीवाला मुलगा विचारतो, 'डेटा घेऊ ना?' आपण हो म्हणतो. तो डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो घेतो. थंडरबर्डचं फोल्डर विंडोजमध्ये लपवलेलं असतं, ते त्याला दिसत नाही आणि आपल्याला माहीत नसतं. माझी २००९ ते २०१७ ची मेल अशीच गेली. लेखकांची पत्रं होती, त्यांतले काही आता नाहीत. त्या मुलाला मी दोष देत नाही, मला सांगता यायला हवं होतं. ज्यांचा कॉम्प्युटर दुरुस्तीला जायचाय त्यांनी कुळागरांनी सांगितलेला पत्ता कागदावर लिहून द्यावा.

दुसरं, जुन्या मेलमधलं मराठी. २००५ च्या आसपासच्या कित्येक मेलना जोडलेला मजकूर श्रीलिपीत किंवा तशाच जुन्या फॉन्टांत असतो. नव्या कॉम्प्युटरवर तो इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो आणि लोक 'बिघडली' म्हणून काढून टाकतात. ती बिघडलेली नसते. मेलबरोबर तो फॉन्टही जपून ठेवा. संदेशाच्या अंगातलंच मराठी गोंधळलेलं असेल तर थंडरबर्डच्या व्ह्यू मेन्यूत 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' आहे, बऱ्याचदा तेवढ्याने अक्षर सुधारतं.

----

तारवटी
२० जून, दुपारी १२.३०

टाइपकेसबाब, वाईट वाटलं वाचून.

अँटिव्हायरसचंही लिहितो. एका संदेशात व्हायरस सापडला की काही अँटिव्हायरस ती फाइलच उचलून कोंडून ठेवतात. आणि फाइल म्हणजे अख्खा इनबॉक्स! थंडरबर्डचं प्रोफाइल फोल्डर अँटिव्हायरसच्या वगळण्याच्या यादीत घालावं.

----

शिवोलकरीण
२२ जून, रात्री ९.००

आता पुढची व्यवस्था काय करावी यावर दोन दिवस कुळागरदादांशी निरोपांतून बोलले. सगळ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून इथे लिहिते.

इनबॉक्स हलका केला. घरात आलेली माणसं बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, बसतात, पण धान्य कोणी बाल्कांवात साठवत नाही, असं दादा म्हणाले. संदेश निवडून ए दाबलं की थंडरबर्ड त्याला वर्षवार अर्काइव्हमध्ये टाकतो. २०१२ पासून एकेक वर्ष केलं, प्रत्येक वर्षानंतर संख्या जुळवली. आता सगळ्यात मोठं वर्ष १.१ जीबीचं आहे. एक फाइल बिघडली तरी एकच वर्ष अडकेल. प्रत्येक संदेशाची वेगळी फाइल करणारा मेलडिर प्रकारही आहे, पण थंडरबर्डमध्ये तो अजून प्रायोगिकच आहे, ऑफिससाठी नको असं ठरलं.

सर्व्हरवरून १४ दिवसांनी मेल काढण्याची अट ९० दिवस केली. मध्ये काही झालं तर तीन महिन्यांचं तरी परत उतरवता येईल.

बॅकअप आता दर शनिवारी, थंडरबर्ड बंद करून. उघडा असताना घेतलं तर फाइल अर्धी जुनी, अर्धी नवी अशी येऊ शकते. थंडरबर्डमध्ये एक्स्पोर्टची सोय आहे, पण २ जीबीपेक्षा मोठं प्रोफाइल असेल तर स्वतः कॉपी करा असं तोच सांगतो, म्हणून अख्खं फोल्डरच कॉपी करते. दोन डिस्क. एक ऑफिसच्या कपाटात, एक माझ्या घरी शिवोलीला, शनिवारी अदलाबदल. घरची डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. पावसात आमच्याकडे चपलांनाही बुरशी येते. डिस्कवर पासवर्ड घातलाय, कारण अशिलांची कागदपत्रं आहेत, वाटेत हरवली तर कोणाच्या हाती पडायला नकोत.

कॉम्पॅक्ट महिन्यातून एकदा, शनिवारच्या कॉपीनंतर, आणि आकाशात गडगडाट नसेल तेव्हाच. वीज कडाडायला लागली की मोडेमची वायरही काढते.

----

कुळागर
२२ जून, रात्री ९.२०

सगळं बरोबर. एकच राहिलं. ते बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघितलंत का?

----

शिवोलकरीण
२७ जून, संध्याकाळी ७.४५

आज बघितलं. भाच्याच्या लॅपटॉपवर थंडरबर्ड टाकला, नेट बंद करून. प्रोफाइल मॅनेजरमधून नवं प्रोफाइल केलं आणि डिस्कवरचं फोल्डर त्याला दाखवलं. पहिल्यांदा उघडेना, लॅपटॉपवरचा थंडरबर्ड आमच्यापेक्षा जुन्या आवृत्तीचा होता. नवा टाकल्यावर उघडला.

वर्षवार संख्या डायरीशी ताडून बघितल्या. २०१७ मध्ये चार संदेश कमी निघाले, मग लक्षात आलं की ते मी मंगळवारी दुसऱ्या फोल्डरात हलवले होते. बाकी सगळी वर्षं जुळली. 'मस्कत' फोल्डरही आहे, पीडीएफची चारही पानं उघडतात.

लॅपटॉपवरचं प्रोफाइल काढून टाकलं. डिस्क डब्यात ठेवली.